डबल बाबागाडीची रीतसर खरेदी

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.१०

नवी वही सुरू. रोज लिहायचं. कोणी वाचणार नाही, तरी सगळं स्पष्ट लिहायचं, कारण अर्धवट नोंद म्हणजे पुढे डोकेदुखी, हे चौदा वर्षं सगळ्या ऑफिसला सांगत आलो आहे.

काल डॉक्टरांनी बायकोला दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाळंतपणाची तारीख अठरा एप्रिल. दोन, भिंगरीला आजपासून उचलायचं नाही. अजिबात नाही. भिंगरी म्हणजे आमची थोरली, वय पावणेतीन, वजन तेरा किलो. तिला चालता उत्तम येतं. पळता तर फारच येतं. पण प्लेस्कूलमधून घरी येताना ती मध्येच आईच्या पुढ्यात येऊन दोन्ही हात वर करते आणि उचलेपर्यंत तशीच उभी राहते. मी उचलायला गेलो की रस्त्यावर बसकण मारते.

बायकोचं म्हणणं, तिला तुझी सवय लाव. शनिवारी प्लेस्कूलमधून तू आण, अंघोळ तू घाल, दोन महिने हातात आहेत. माझं म्हणणं, हा प्रश्न माणसांचा नाही, साधनांचा आहे. डबल बाबागाडी घ्यायची. एका सीटवर भिंगरी, दुसऱ्या सीटवर बाळ. कोणी कोणाला उचलण्याचा प्रश्नच उरत नाही.

पंपांच्या कारखान्यात खरेदी अधिकारी आहे मी. कास्टिंग घेतो, बेअरिंग घेतो, मोटारी घेतो. चुकीचा एक नट माझ्या हातून आत आलेला नाही. बाबागाडी म्हणजे हातचा मळ.

ठराव: पुढच्या रविवारपर्यंत गाडी घरात.

९ फेब्रुवारी, सोमवार. जेवणाच्या सुट्टीत

तुलनात्मक तक्ता तयार. रुंदी, वजन, चाकाचा व्यास, घडीची उंची, ब्रेकचा प्रकार वगैरे एकतीस रकाने. बत्तिसावा 'इतर'.

आमचा स्टोअरकीपर मागून डोकावला. हा तीन मुलांचा बाप. म्हणाला, साहेब, धाकट्याला पट्ट्याने छातीशी बांधायचं आणि थोरलीला चालवायचं, माझी तिन्ही अशीच मोठी झाली. हो हो म्हटलं. बिचाऱ्याकडे तक्ता नव्हता, तो तरी काय करणार.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी भिंगरीला बूट घालायला गेलो. 'बाबा नको,' म्हणाली. डावा बूट आधी घातला तर वेळ कसा वाचतो हे तिला समजावून सांगितलं. तिने दोन्ही बूट कॉटखाली भिरकावले. शेवटी बायकोने पोट सावरत खाली बसून घातले.

या वयात निर्णयक्षमता इतकी पक्की असणं हे चांगलं लक्षण आहे. माझ्यावर गेली आहे. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही. वाटलंही नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाळसामानाच्या मोठ्या दुकानात गेलो. मालक सडपातळ, चष्मा कायम कपाळावर. त्याने अकरा गाड्या काढून दाखवल्या. मी चाकाच्या रबराचा कडकपणा विचारला. त्याने चाक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मऊ आहे म्हणाला. भार-चाचणीचं सर्टिफिकेट मागितलं तर त्याने मला पाणी आणून दिलं.

तेवढ्यात दुसरं एक जोडपं आलं. लाल गाडी बघितली, इकडून तिकडे ढकलली, घेऊन गेले. एकूण अकरा मिनिटं. मला त्यांच्या मुलांची काळजी वाटली.

भिंगरीला हिरव्या गाडीत बसवून पाहायचं ठरवलं होतं. ती आपणहून चढली. आई ढकलणार का, असं विचारलं. बाबा ढकलणार म्हटल्यावर उतरली आणि खालच्या फळीखाली जाऊन बसली.

गाडी आज घरात आली नाही, पण प्राथमिक अभ्यास पूर्ण. मुदत २२ फेब्रुवारी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बिल्डिंगच्या लिफ्टचं दार मोजलं. ऐंशी सेंटिमीटर. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा ऐंशीच आलं. पाचव्या मजल्यावरच्या आजी टेपचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. त्यांना खाली जायचं होतं, पण माझं मोजमाप होईपर्यंत थांबल्या. समंजस बाई.

शेजारी-शेजारी सीटवाल्या चार गाड्या रुंदीवर बाद. सासरी, ऑफिसात, कुणालाही विचारा, लिफ्ट आधी मोजणारा माणूस विरळा.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुख्य प्रश्न: सीट शेजारी-शेजारी हव्यात की मागेपुढे?

मागेपुढे घेतली तर पुढे कोण? भिंगरी पुढे, तर तिला आई दिसणार नाही, मग ती गाडी अडवणार. भिंगरी मागे, तर ती वाटभर बाळाच्या टकलाकडे बघत बसणार. शेजारी-शेजारी घेतली तर बाळाच्या नाकात बोट घालणार. तिन्ही शक्यतांचा वेगळा तक्ता केला. रंगीत.

सासूबाई आज बाळंतपणासाठी राहायला आल्या. त्यांनी तक्ता पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. म्हणाल्या, आमच्या वेळी एक कडेवर आणि एक बोटाला, एवढाच हिशेब होता. मग मला भाजी निवडायला बसवलं.

बायकोने विचारलं, काल प्लेस्कूलला का गेला नाहीस. सांगितलं की गाडी आली की गाडीतूनच आणेन, सवय एकदाच लागलेली बरी. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

प्रत्यक्ष चाचणी. दुकानदाराने मागेपुढे सीटवाली गाडी एक दिवसासाठी दिली. मी मागायच्या आतच दिली, म्हणाला घरीच बघा साहेब, निवांत बघा.

भार कारखान्यातून आणला. भिंगरीच्या जागी तेरा किलो बोल्टची गोणी. बाळाच्या जागी साडेतीन किलोचा इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आत फिरतं ते पात्यांचं चाक. इम्पेलरला टॉवेलात गुंडाळलं, कारण कापडाचंही वजन धरायला हवं. दोन्ही सीटचे पट्टे लावून बिल्डिंगभोवती आठ फेऱ्या मारल्या. गाडी डावीकडे ओढते. नोंद केली.

पाचव्या फेरीला आजी भेटल्या. कौतुकाने वाकून टॉवेल बाजूला केला. मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की हे साडेतीन किलोचं आहे, खरं एप्रिलमध्ये येणार. त्यांनी टॉवेल पुन्हा नीट पांघरला आणि तब्येतीला जप म्हणाल्या.

लिफ्टमध्ये गाडी उत्तम बसते. मी बसत नाही. गाडी आत गेली की माणसाला जागाच उरत नाही. गाडीला एकटीला तिसऱ्या मजल्यावर पाठवून मी जिन्याने धावलो. पोचलो तर लिफ्ट पुढे पाचव्यावर गेलेली. आजींनीच उतरवून घेतली.

मागेपुढे बाद. विज्ञान असं पुढे जातं.

१ मार्च, रविवार

भिंगरीला गाडीत बसवण्याची चाचणी राहिली होती. ती बसली नाही, कारण त्या सीटवर बोल्ट बसलेत. कालपासून तिने गोणीला आपलं पांघरूण दिलं आहे आणि भातुकलीच्या कपातून पाणी पाजलं आहे. गोणी उचलली तर रडून घर डोक्यावर घेतलं. गाडी परत केली. बोल्ट अजून तिच्या खोलीत आहेत. उद्या स्टोअरला काय सांगायचं ते पाहतो.

१२ मार्च, गुरुवार

निवड पक्की. शेजारी-शेजारी, रुंदी शहात्तर, लिफ्टमध्ये दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर मोकळे. पंपात यापेक्षा कमी फटीवर आयुष्य काढलंय.

नियमाप्रमाणे तीन कोटेशन मागवली. एका दुकानाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने फुग्याचं चित्र पाठवलं. म्हणजे चष्मेवाल्यालाच ऑर्डर.

ऑर्डर रीतसर, लेटरहेड नसलं तरी बारा कलमी. सातवं कलम माझं आवडतं, ऑफिसच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये असतं: तपासणी आमच्या जागेवर, कोणताही दोष आढळल्यास संपूर्ण माल परत, दुरुस्त केलेला माल चालणार नाही, बदली माल नवाच हवा. दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, बाराही कलमं वाचली, म्हणाला की बावीस वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी आभार मानले.

पुरवठ्याची तारीख १० एप्रिल. बाळाच्या आठ दिवस आधी. एवढं सुटसुटीत काम बायकोने पाहिलं नसेल.

२१ मार्च, शनिवार

बायकोचे पाय सुजलेत. त्यामुळे भिंगरीला आणायला मी गेलो.

मला पाहून ती प्लेस्कूलच्या पायरीवर बसली. आई पाहिजे म्हणाली. आई घरी आहे म्हटलं. मग आईला आण म्हणाली. मी शेजारी बसलो. चाळीस मिनिटं बसलो. तेवढ्यात गाडीच्या कापडाचे रंग फोनवर पुन्हा पाहून घेतले, राखाडीवर शिक्कामोर्तब. बाकीची मुलं गेली, बाई कुलूप हातात घेऊन उभ्या राहिल्या. शेवटी सासूबाई आल्या. भिंगरी त्यांच्या बोटाला धरून टुणटुण निघाली.

दप्तर मात्र माझ्याकडे दिलं. हा पहिला टप्पा मानायला हरकत नाही.

४ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी बायकोला घडीचं तंत्र समजावत होतो, एका हाताने बटण, पायाने कळ. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'मला गाडी नकोय रे. मी दवाखान्यात असेन, बाळ अंगावर असेल, तेव्हा ही कोणाकडे जाणार, तेवढं मला सांग.'

सीट पाच कोनांत मागे जाते, हे तिला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. या दिवसांत थकवा येतोच.

१० एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११.३०

आली! ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. यासाठी मुद्दाम रजा घेतली होती.

११.५०

तपासणी. रंग बरोबर. रुंदी शहात्तर, मोजली. पट्टे दहा, मोजले. स्क्रू मोजले. ब्रेक ठीक. डाव्या मागच्या चाकाच्या टोपणावर ओरखडा. लांबी चार मिलिमीटर.

१२.२०

हे कसं झालं ते नीट लिहून ठेवतो. ओरखडा दिसताच माझा हात खिशात गेला. खिशात लाल स्टिकरची गुंडाळी होती, नेहमीच असते. नाकारलेल्या मालाला आम्ही लाल स्टिकर लावतो. लावला. टेम्पोवाला ओरखड्याकडे वाकून वाकून पाहत होता, त्याला दिसेना. त्याला सातवं कलम दाखवलं. त्याने दुकानात फोन लावला, दोन मिनिटं नुसतं हो, हो म्हणाला, आणि गाडी टेम्पोत चढवून घेऊन गेला.

आतून बायकोने विचारलं, आली का गाडी. मी म्हटलं, आली आणि गेली.

सासूबाईंनी ताट वाढलं, पण आदळून. तत्त्वाने वागणाऱ्याला हे सोसावंच लागतं. अठरा तारखेपर्यंत बदली माल येईलच.

११ एप्रिल, शनिवार. सकाळी ६.२०

टॅक्सी खाली उभी. अठरा तारीख ठरली होती. सात दिवस आधी. बॅग सापडत नाही.

६.२५

बॅग माझ्याच हातात होती.

दुपारी २.४५

मुलगा. तीन किलो चारशे. दोघंही ठीक.

तपासणी वगैरे काही केली नाही. नर्सने हातात दिला, मी घेतला. एक कान जरा दुमडलेला आहे. तसाच छान दिसतो.

१३ एप्रिल, सोमवार

सासूबाई भिंगरीला दवाखान्यात घेऊन आल्या. दोन दिवस आई दिसली नव्हती. धावत कॉटजवळ गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. बायकोच्या हातात बाळ. ती म्हणाली, राणी, इथे शेजारी बस. भिंगरी हात वर करून उभीच. बायकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, ये, मी घेतो. भिंगरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंच्या पदरात तोंड खुपसून रडली.

मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन दुकानदाराला फोन लावला आणि बदली मालाची चौकशी केली. तो म्हणाला, कंपनीला कळवलंय.

वाईट वाटलं. गाडीचं नव्हे. लिहून ठेवतो, कारण नोंद खरी हवी.

१५ एप्रिल, बुधवार

सगळे घरी. बाळ झोपतं तेव्हा भिंगरीला खेळायचं असतं, भिंगरी झोपते तेव्हा बाळाला रडायचं असतं. दोघांचं वेळापत्रक जुळवणारा तक्ता केला. बाळाने तो अमान्य केला.

२ मे, शनिवार

दुकानदाराला तिसरं स्मरणपत्र. त्याचं उत्तर आलं. सातव्या कलमानुसार दुरुस्त माल चालत नाही, नवाच हवा, आणि नवा माल आपण सांगितलेल्या राखाडी रंगात पुढच्या खेपेला येईल, महिनाअखेर. खाली नमस्कार. कलम जसंच्या तसं उतरवलं होतं, एकही चूक नाही. माणूस शिकतोय.

बायको अडीच आठवडे घराबाहेर पडलेली नाही. खिडकीत उभी राहून खालच्या बाया मुलांना फिरवतात ते बघते. काल एक लाल डबल गाडी गेली, ती तिने मला बोलावून दाखवली. मी म्हटलं, तिचं टर्निंग सर्कल बघ, वळायला किती जागा लागते. ती म्हणाली, बघतेय.

१६ मे, शनिवार

सासूबाई गेल्या. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. जाताना बायकोला हजार सूचना, मला एकच: जावई, तक्ते नंतर करा.

आता भिंगरीला अंघोळ मी घालतो. म्हणजे ती घालून घेते, मी पाणी ओततो, दाराबाहेरून. पाठमोरं राहून ओतलं तर चालतं. अर्धं पाणी माझ्या पायावर.

२३ मे, शनिवार. दुपारी १.४०

आज बाळाला सहा आठवड्यांची लस. दवाखाना पायी पंधरा मिनिटांवर, पण मधला रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलाय, टॅक्सी आत येत नाही. गाडी नाही. भिंगरीला घरी ठेवायला कोणी नाही. सगळे चालत निघालो. बायकोने बाळाला छातीशी धरलं. स्टोअरकीपरची पद्धत, पण पट्ट्याशिवाय.

पंधरा मिनिटांच्या रस्त्याला जाताना पन्नास मिनिटं लागली. भिंगरीने खणलेल्या चराजवळची माती पाहिली, त्यातले पाइप मोजले, एकानंतर थेट पाच. प्रत्येक पाइपाच्या तोंडात हाक मारली. मला पाइपाचा व्यास विचारला नाही, तरी मी सांगितला. तिने मान डोलावली. आजवर असं झालं नव्हतं.

लस दिली. बाळ एकदाच ओरडलं आणि झोपलं. भिंगरी सगळं डोळे मोठे करून बघत होती.

परत येताना अर्ध्या वाटेत तिचे पाय संपले. तोच प्रकार. आईच्या पुढे जाऊन उभी, दोन्ही हात वर. बायको थांबली. ऊन लागत होतं, बाळाच्या डोक्यावर तिने ओढणी धरली होती. म्हणाली, बाळा, मला दोनच हात आहेत गं. भिंगरी हलेना. रडलीही नाही. बाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी नुसताच उभा होतो, पिशवीसुद्धा बायकोच्याच खांद्याला होती. मग ती वळली, माझ्यापुढे आली आणि हात वर केले.

मी मागे वळून पाहिलं, कोणी आहे का ते.

मग उचललं. तेरा किलो आता चौदा झालेत. घामेजलेली मान माझ्या गालाला, केस माझ्या तोंडात, एक बूट सुटून लोंबकळत होता. घरापर्यंत उतरवली नाही. लिफ्टमध्येही नाही. दारात पोचलो तर किल्ली कोणत्या खिशात आहे ते आठवेना. इतकं छान वाटत होतं.

संध्याकाळी ६.००

शांतपणे विचार केला. हे अचानक घडलेलं नाही. बुटांबाबतचं मार्गदर्शन, प्लेस्कूलच्या पायरीवर दाखवलेला संयम, दाराबाहेरून पाणी, पाइपाचा व्यास. चार महिन्यांच्या नियोजनाचं हे फळ आहे. बायकोला सांगितलं. ती हसली. हसायला काय झालं कळलं नाही.

३० मे, शनिवार

गाडी आली. राखाडी. मी टेप काढला, तेवढ्यात बायको बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली, माझ्या हातातलं पेन घेतलं, टेम्पोवाल्याच्या कागदावर सही केली आणि त्याला जायला सांगितलं. मग माझ्या खिशात हात घालून स्टिकरची गुंडाळी काढून घेतली.

उजव्या हँडलवर एक बुडबुडा आहे. मी काही बोललो नाही.

३१ मे, रविवार. संध्याकाळी ७.००

पहिली फेरी. चार महिने या दिवसासाठी झटलो. सगळं तपशिलात लिहितो.

५.१० निघालो. लिफ्टमध्ये गाडी दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर सोडून अलगद आत गेली. डोळ्यांचं पारणं फिटलं.

५.१४ बाळाने गाडीत भोकाड पसरलं. पाचही कोन करून पाहिले. पाचही कोनांत रडलं. बायकोने उचललं, गप्प झालं.

५.१७ भिंगरी बसली होती, ती उतरली. गाडीत बसलं की बाबा दिसत नाही म्हणाली. हे तिने स्वतः म्हटलं. तारीख आणि वेळ वर आहेच.

५.१८ ते ६.४५ बायको बाळाला घेऊन पुढे. मागे मी, डाव्या कडेवर भिंगरी, उजव्या हाताने रिकामी गाडी ढकलत. एका हाताने ढकलली की गाडी डावीकडे ओढते, ही तर त्या मागेपुढे सीटवालीसारखीच खोड. खाली आजी भेटल्या. दोन्ही सीटमध्ये वाकून पाहिलं, टॉवेलसुद्धा नव्हता. मग माझ्या कडेवर पाहिलं आणि काही न विचारता गेल्या. एका गृहस्थाने गाडी कशी आहे विचारलं, त्याला वीस मिनिटं माहिती दिली. भिंगरी तोवर खांद्यावर झोपली.

हात अजून बधिर आहे, अक्षर वाकडं येतंय. पण बायकोला म्हटलं, बघितलंस, बाबा नको म्हणणारी मुलगी बाबा दिसत नाही म्हणून गाडीतून उतरते. योग्य वेळी योग्य वातावरण निर्माण केलं की मूल आपोआप ओळखतं, आपलं खंबीर माणूस कोण आहे ते. ती म्हणाली, हो, हो. जरा जास्तच लवकर म्हणाली.

१ जून, सोमवार. संध्याकाळी ७.३०

ऑफिसातून आलो. बायको म्हणाली, तुला एक सांगू का, रागावणार नाहीस ना. मी कधी रागावतो.

दुपारी भिंगरीची वेणी घालताना तिने सहज विचारलं होतं, काय गं, हल्ली बाबाकडे बरी जातेस, आवडायला लागला वाटतं. भिंगरीने बाहुलीचा फ्रॉकमध्ये अडकलेला पाय सोडवता सोडवता उत्तर दिलं. बायकोने मला ते तिच्याच शब्दांत सांगितलं.

'आईकडे बाळ आहे. बाबाकडे कोणीच नाही.'

बायको हसत होती. मग माझं तोंड बघून हसायची थांबली आणि चहा टाकायला गेली.

मी तिथेच बूट काढत बसलो. एक बूट काढला, दुसरा राहिला. आतून भिंगरी आली. मला पाहिलं, माझे रिकामे हात पाहिले, आणि पुढ्यात येऊन आपले हात वर केले. उचलून गॅलरीत नेलं. खाली लोक मुलांना फिरवत होते. तिने माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं, बायको बाळाला थोपटते तसं.

तिचा गैरसमज झालाय हे तिला सांगायला हवं. बाबाकडे आई आहे, बाळ आहे, भिंगरी आहे, एवढे सगळे आहेत, हे नीट समजावून सांगायला हवं. तोंडात आलंही होतं. पण सांगितलं तर ती खाली उतरेल, म्हणून गप्प राहिलो.